दात काढण्याआधी ‘हाडांच्या इंजेक्शन’बद्दल सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘हाडांच्या गोळ्यांनी जबडा कुजतो’ असे कुणीतरी सांगते आणि घरातल्या आजी चांगली चाललेली गोळी परस्पर बंद करतात. दुसरीकडे तीच गोळी पाच-सात वर्षे घेतलेल्या बाईंची दाढ कुणी काही न विचारता काढून टाकते आणि दोन महिने झाले तरी जखम भरत नाही. पहिल्या चुकीत खुब्याचे हाड मोडते, दुसरीत जबड्याचे हाड मरते. दोन्ही टाळता येतात आणि त्याला मोठा खर्चही येत नाही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

आधी कोणत्या औषधांबद्दल बोलत आहोत ते स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे ‘हाडांची गोळी’ या नावाखाली सगळेच येते. कॅल्शियमच्या गोळीने जबड्याला काही होत नाही. आठवड्यातून एकदा घेतात त्या ६०,००० युनिटच्या ‘ड’ जीवनसत्त्वानेही होत नाही. प्रश्न आहे तो हाडांची झीज रोखणाऱ्या औषधांचा. त्यांचे दोन गट आहेत. पहिला बिस्फॉस्फोनेटचा. त्यात अलेंड्रोनेट (आठवड्याला ७० मिलिग्रॅम), रायसेड्रोनेट (आठवड्याला ३५), आयबँड्रोनेट (महिन्याला १५०) या गोळ्या आणि वर्षातून एकदा सलाइनमधून दिले जाणारे ५ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक अॅसिड येते. दुसरे औषध डेनोसुमॅब. दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दंडाला, पोटाला किंवा मांडीला कातडीखाली देतात.

आपले हाड आयुष्यभर पाडले आणि बांधले जाते. पाडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. पाळी गेल्यानंतर पाडणाऱ्या पेशी वरचढ होतात आणि हाड पोकळ होत जाते. ही औषधे त्या पाडणाऱ्या पेशींनाच आवर घालतात, म्हणून मणका आणि खुबा वाचतो. जबड्यात मात्र हीच गोष्ट अंगाशी येऊ शकते. चावण्याचा ताण सतत असल्यामुळे जबड्याच्या हाडाची उलाढाल इतर हाडांपेक्षा जास्त असते. त्यावर आवरण असते ते पातळ हिरडीचे, आणि दातांच्या मुळांवाटे तोंडातले जंतू थेट हाडापर्यंत पोहोचतात. दात काढल्यावर किंवा मुळाशी पू झाल्यावर खराब झालेले हाड पाडून, साफ करून नवे बांधावे लागते. पाडणारे कामगारच कमी असतील तर ते मेलेले हाड तसेच राहते, जंतू त्यावर वस्ती करतात, वरची हिरडी मागे सरते आणि पिवळट-पांढरे हाड तोंडात उघडे पडते. खालच्या जबड्यात हे वरच्यापेक्षा कितीतरी जास्त आढळते. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत खालचाच जबडा असतो.

वैद्यकशास्त्राने याची नोंद घेतली ती २००३ साली. मायामीचे मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी अशा ३६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तीही पत्राच्याच रूपाने. जबड्याला मात्र हे दुखणे नवे नव्हते. एकोणिसाव्या शतकात आगपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्या बायका-मुलांचे जबडे असेच सडत. त्या फॉस्फरसवर भारतात १९१३ च्या कायद्याने बंदी आली. तिथेही किडक्या दातांच्या कामगारांना धोका अधिक, म्हणून काही कारखान्यांत दात तपासूनच कामावर घेत. शंभर वर्षांपूर्वीचा हा धडा आजच्या औषधांनाही तंतोतंत लागू पडतो.

आता धोका किती? औषधाचे नाव एकच असले तरी मात्रा दोन प्रकारच्या असतात, आणि इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. हाडांच्या ठिसूळतेसाठी झोलेड्रोनिक अॅसिड वर्षाला ५ मिलिग्रॅम देतात. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग हाडात पसरला असेल तर तेच ४ मिलिग्रॅम दर तीन-चार आठवड्यांनी, म्हणजे वर्षाकाठी दहापट किंवा त्याहून अधिक. डेनोसुमॅबचेही तसेच. ठिसूळतेसाठी वर्षाला १२० मिलिग्रॅम, कर्करोगात दर चार आठवड्यांनी १२०, म्हणजे तेरापट. कर्करोगाच्या मात्रेत जबड्याचे हाड मरण्याचे प्रमाण शंभरात पाचपर्यंत मानले जाते. ठिसूळतेच्या मात्रेत गोळ्यांवर दहा हजारांत दोन ते पाच, वर्षाच्या सलाइनवर दहा हजारांत दोन किंवा त्याहून कमी आणि डेनोसुमॅबवर दहा हजारांत चार ते तीस. इंटरनेटवर दिसणारी भीतिदायक छायाचित्रे बहुतेक कर्करोगाच्या मात्रेवरच्या रुग्णांची असतात आणि घाबरतात ठिसूळतेचे रुग्ण. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, साडेसात हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या झोलेड्रोनिक अॅसिडच्या चाचणीत तीन वर्षांत असे दोन रुग्ण सापडले. एक औषध घेणारा, एक तुलनेसाठी औषध नसलेली सलाइन घेणारा. त्याच चाचणीत मणका मोडण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचे ४१ टक्क्यांनी घटले. सत्तरीत खुबा मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने पाहिले आहे त्याला या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

तरीही दहा हजारांतले दोन-चार म्हणून सोडून द्यावे असे आम्हाला वाटत नाही. हे रुग्ण आभाळातून पडत नाहीत. बहुतेकांच्या तोंडात आधीपासून काहीतरी बिघडलेले असते: हिरड्यांतून पू, मुळाशी गाठ, खिळखिळी दाढ, टोचणारी कवळी. त्यात मधुमेह किंवा दम्या-संधिवातासाठी चाललेली स्टिरॉइडची गोळी असली की भर पडते. औषधाची वर्षे वाढतात तसाही धोका वाढतो. आपल्याकडे गावोगावच्या साठी-सत्तरीच्या बायका रोज मिशरी लावतात. तंबाखू भाजून केलेल्या या पुडीने हिरड्या मुळापासून सुटतात आणि दुखणे दबून राहते. ‘मिशरी लावली की दाढ शांत होते’ म्हणणाऱ्या बाईच्या दाढेखाली पू साठत असतो. ठिसूळ हाडांचे औषध लागणारा वर्गही नेमका हाच.

घोटाळा होतो तो औषध लिहिणारा आणि दात काढणारा यांच्या मधल्या जागेत. औषध लिहितात अस्थिरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा कर्करोग रुग्णालय. दात काढतो गल्लीतला दंतवैद्य. ‘कुठली औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला उत्तर येते, ‘बीपीची आणि शुगरची.’ बाई खोटे बोलत नसतात. आठवड्यातून एकदा घेतलेली गोळी आणि मार्चमध्ये लागलेली सलाइन ‘चालू औषध’ म्हणून आठवतच नाही. पाच वर्षे घेऊन गेल्या वर्षी बंद झालेली गोळी तर नाहीच. पण अलेंड्रोनेट हाडात जाऊन बसते आणि तिथून निम्मे निघायला सुमारे दहा वर्षे लागतात. म्हणून दंतवैद्यांनी प्रश्न बदलावा. ‘रविवारी सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नाही, अशी गोळी कधी होती का?’ हे वर्णन ऐकले की लगेच आठवते. ‘ड’ जीवनसत्त्वाची आठवड्याची गोळी जेवणानंतर किंवा दुधाबरोबर घेतात, त्यामुळे दोन्हींची गल्लतही होत नाही. पुढे विचारावे, ‘हाडांसाठी वर्षाची सलाइन किंवा सहा महिन्यांचे इंजेक्शन घेतलेत का?’ आणि शेवटी, ‘कर्करोगाचे उपचार झालेत का, तेव्हा केमोबरोबर हाडांसाठी काही सलाइन दिली होती का?’ एवढे विचारायला मिनिट लागत नाही.

खरी संधी मात्र त्याच्याही आधी, पहिली गोळी किंवा पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी असते. त्या वेळी तोंडाची पूर्ण तपासणी आणि दोन्ही जबड्यांचा एकच मोठा एक्स-रे, ज्याला दवाखान्यात ओपीजी म्हणतात, एवढे झाले तर पुढची बहुतेक काळजी मिटते. वाचणार नाही असा दात तेव्हाच काढावा, कीड भरून घ्यावी, रूट कॅनॉल उरकावे, दातांवरचा थर काढून हिरड्या ताळ्यावर आणाव्यात, कवळी टोचत असेल तर घासून बसवून घ्यावी. दात काढल्यावर वरची हिरडी मिटायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढे थांबून औषध सुरू करावे. ठिसूळतेच्या रुग्णाला या थांबण्याने तोटा होत नाही. मात्र नुकताच मणका किंवा खुबा मोडलेल्या रुग्णाचे औषध दातांसाठी महिनोन्‌महिने लांबवू नये. तिथे तपासणी आठवड्यात करून घ्यावी आणि बारीकसारीक कामे औषध सुरू असताना करावीत. कर्करोगाच्या मात्रेत मात्र आधी दात पाहिल्याशिवाय पहिली सलाइन लावूच नये, असे आमचे ठाम मत आहे. हाड दुखून रुग्ण अगतिक झाला असेल एवढाच त्याला अपवाद.

औषध आधीच सुरू असेल तर? दंतवैद्याकडे जायला घाबरू नका. फिलिंग, स्केलिंग, रूट कॅनॉल, कॅप, कवळी ही सगळी कामे नेहमीसारखी होतात. उलट हिरडीचा पू अंगावर काढणे जास्त धोक्याचे. दात वाचवण्यासारखा असेल तर काढण्याऐवजी रूट कॅनॉल करून घ्यावे. वरचा भाग पार मोडला असला तरी मुळांचे रूट कॅनॉल करून, वर सिमेंट भरून ती हिरडीच्या पातळीवर तशीच ठेवता येतात. कर्करोगाच्या मात्रेवरच्या रुग्णासाठी ही युक्ती फार मोलाची आहे. अशा रुग्णात इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवूच नये. ठिसूळतेच्या गोळीवर असलेल्याला इम्प्लांट बसवता येते, पण धोका लेखी समजावून आणि पुढे नियमित तपासणीची हमी घेऊन.

दात काढणे टळत नसेल तेव्हा घाईने ओढू नये. आधी तोंडातली घाण स्वच्छ करून ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या सुरू कराव्यात. दहा मिलिलिटर, मिनिटभर, दिवसातून दोनदा. ब्रश केल्यानंतर अर्धा तास थांबून, कारण टूथपेस्टमधल्या फेसाने तिचा जोर कमी होतो. (दातांवर तपकिरी डाग येतात. ते नंतर साफ होतात, म्हणून गुळण्या सोडू नयेत.) बहुतेक शल्यचिकित्सक अँटिबायोटिक आदल्या दिवसापासून किंवा त्या दिवशी सुरू करून काही दिवस चालू ठेवतात. दात हलक्या हाताने, गरज पडल्यास मुळे वेगळी करून काढावा. खड्ड्याचे टोकदार कंगोरे घासून गुळगुळीत करावेत आणि हिरडी ताण न येता टाके घालून मिटवावी. दोन-चार दात काढायचे असतील तर एका वेळी एकाच बाजूचे काढावेत. तिथली जखम भरलेली दिसली की मग दुसरी बाजू. टाके काढले म्हणजे काम संपले असे समजू नये. आठवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी जागा पाहावी. हाड हिरडीने झाकलेले दिसेपर्यंत रुग्णाला मोकळे करू नये.

‘दात काढायचा आहे, गोळी आठ दिवस बंद ठेवू का?’ हा नेहमीचा प्रश्न. आठ दिवसांनी काहीच होत नाही. जे औषध वर्षानुवर्षे हाडात बसले आहे ते आठवड्यात निघत नाही. दोन महिने थांबवावे का, यावर तज्ज्ञांमध्येच एकमत नाही. २०२२ च्या अमेरिकी मुखशल्यचिकित्सकांच्या मार्गदर्शनातही तज्ज्ञांचे मत विभागलेले होते. हाड किती वेगाने पाडले जाते हे मोजणारी रक्तातली सीटीएक्स ही तपासणी जबड्याचा धोका सांगते म्हणून काही ठिकाणी करवून घेतात. तिच्यावर विसंबण्याइतका पुरावा नाही, त्यामुळे तो खर्च वाचवावा. गोळी पाच वर्षे किंवा वार्षिक सलाइन तीन वर्षे झाली की औषध पुढे चालवायचे का, याचा फेरविचार अस्थिरोगतज्ज्ञाकडे तसाही करायचाच असतो. ज्यांचा हाड मोडण्याचा धोका कमी झाला आहे त्यांना तेव्हा सुट्टी देता येते. दात काढणे लांबवता येण्यासारखे असेल तर ते या वेळेशी जुळवून घ्यावे.

डेनोसुमॅबचे गणित पूर्ण वेगळे आहे आणि इथली चूक महागात पडते. हे औषध हाडात साठत नाही. सहा महिन्यांनंतर त्याचा अंमल उतरतो आणि दाबून ठेवलेल्या पाडणाऱ्या पेशी दुप्पट जोमाने उठतात. पुढचे इंजेक्शन महिनाभरापेक्षा जास्त चुकले तर एकाच वेळी दोन-तीन मणके पिचलेले रुग्ण दिसतात. म्हणून ‘दाताचे होईपर्यंत इंजेक्शन राहू द्या’ हा सल्ला कुणीही, विशेषतः दंतवैद्याने, अस्थिरोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय देऊ नये. वेळ साधायची ती अशी: शेवटच्या इंजेक्शनला तीन ते चार महिने झाले की दात काढावा. तेव्हा अंमल उतरणीला लागलेला असतो. पुढचे इंजेक्शन येईपर्यंत निदान सहा-आठ आठवडे जखमेला मिळतात आणि ते ठरल्या तारखेला देता येते. उदाहरणार्थ, इंजेक्शन १ जानेवारीला झाले असेल तर दात एप्रिलमध्ये काढावा आणि पुढचे इंजेक्शन जुलैच्या सुरुवातीला घ्यावे. कायमचे बंद करायचे असेल तर त्याच्या जागी झोलेड्रोनिक अॅसिड किंवा अलेंड्रोनेट द्यावेच लागते. आता देशी कंपन्यांचीही डेनोसुमॅब मिळतात, तेव्हा हे वेळापत्रक औषध दुकानदारांनीही लक्षात ठेवायला हवे.

दुखण्याची सुरुवात ओळखायची कशी? दात काढलेला खड्डा तीन आठवड्यांनंतरही उघडा दिसणे, जिभेला खरखरीत, टोचणारे काही लागणे, हिरडीतून किंवा हनुवटीखालच्या छिद्रातून पू येणे, कारण नसताना दात हलू लागणे, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणे. कधी कधी दात काढलेलाच नसतो. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला, जिभेलगत, कवळी घासून हाड उघडे पडते. उघडे हाड आठ आठवडे टिकले, त्या जागी रेडिएशन झालेले नसले आणि जबड्यात कर्करोग पसरलेला नसला तर निदान पक्के धरतात. पण ही आठ आठवड्यांची अट निदानासाठी आहे, रुग्णाने तोवर घरी बसावे म्हणून नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तंबाखू-मिशरीच्या आपल्या प्रदेशात न भरणारी तोंडातली जखम आधी कर्करोगाची नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. औषधाचा दुष्परिणाम म्हणून सहा महिने गुळण्या करत बसणे ही दुसरी शोकांतिका ठरेल.

उपचार आहेत. हाड उघडे पण पू आणि दुखणे नसेल तर क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या, स्वच्छता आणि नियमित तपासणीवर अनेकांचे भागते. मेलेला तुकडा हळूहळू सुटा होतो आणि अलगद काढता येतो. पू, सूज, ठणका असेल तर अॅमॉक्सिसिलिनसारखे अँटिबायोटिक देतात. हाड खालच्या कडेपर्यंत मेले, जबडा मोडला किंवा बाहेर छिद्र पडले तर ताज्या, रक्त येणाऱ्या हाडापर्यंत शस्त्रक्रिया करून मेलेला भाग काढावा लागतो. योग्य हातांत तिचे निकाल चांगले आहेत. बिघडते ते अर्धवट कामाने. दर आठवड्याला थोडे थोडे खरवडायचे आणि दुकानातून पाच-पाच दिवसांचे अँटिबायोटिक आणत राहायचे, यात उघडे हाड वाढत जाते. ठिसूळतेच्या रुग्णांत टेरिपॅराटाइड या रोजच्या इंजेक्शनाचाही उपयोग होऊ शकतो. कर्करोग हाडात पसरलेल्यांना ते देता येत नाही. जबड्याचे हाड उघडे पडलेल्या कोणत्याही रुग्णाला वेळ न घालवता मुखशल्यचिकित्सकाकडे पाठवावे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीला हे विभाग आहेत.

आमचे मागणे थोडे आहे. झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब देणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने रुग्णाच्या फाइलवर औषधाचे नाव, मात्रा, दिल्याची तारीख आणि ‘दात काढण्यापूर्वी दाखवा’ असा मराठीतला शिक्का मारावा. इंजेक्शनच्या खोक्यावरचा लेबलचा तुकडा त्याखाली चिकटवला तर नावाची चूकही होणार नाही. दंतवैद्यांच्या केसपेपरवर मधुमेह-रक्तदाबाच्या रकान्याखाली ‘हाडांचे औषध, आताचे किंवा पूर्वीचे’ असा रकाना छापावा. मुलासुनांनी आजींच्या औषधांच्या डब्याचा आणि जुन्या चिठ्ठ्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि दंतवैद्याकडे जाताना दाखवावा. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. मिशरी सुटत नसेल तर निदान दर सहा महिन्यांनी हिरड्या दाखवाव्यात.

आणि असा रुग्ण आढळला तर त्याची नोंद व्हावी. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा भारताचा औषध सतर्कता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून तो गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालतो. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, औषध दुकानदार किंवा स्वतः रुग्ण १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवू शकतो. कळवताना औषधाचे नाव व मात्रा, किती वर्षे घेतले, दात कधी काढला, हाड कधीपासून उघडे आहे आणि सोबत मधुमेह किंवा स्टिरॉइड आहे का, ही माहिती हाताशी ठेवावी.

आपले,
दोन मुखशल्यचिकित्सक व एक अस्थिरोगतज्ज्ञ, सातारा